उसाच्या पट्ट्यातल्या शाळा, बिबट्या आणि शिक्षकांचं प्रशिक्षण

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. पुणे जिल्ह्यातल्या या तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी वन्यजीव प्रशिक्षण ठेवायचं तर विषय एकच असतो: बिबट्या. तरी सुरुवात हटकून वाघ, हत्ती आणि अन्नसाखळीच्या पीपीटीनं होते. मग चहा, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या उसात बिबट्या दिसल्याची ओरड झाली की गुरुजी होते तिथेच.

आमच्या मते शिक्षकाला बिबट्याविषयी प्रेम वाटलंच पाहिजे असं नाही. त्यानं आपल्या शाळेचा परिसर बिबट्याच्या नजरेनं पाहायला शिकावं आणि ग्रामसभेत प्रश्न आला तर नीट उत्तर द्यावं, एवढं पुरे.

ग्रामसभेतलं ठरलेलं वाक्य म्हणजे "जंगल तोडलं म्हणून तो गावात आला." इथली परिस्थिती वेगळी आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं पीक, बारमाही पाणी आणि वस्त्यांभोवती कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला याहून काय हवं? इथले कित्येक बिबटे उसातच जन्मतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव जंगल नसलेल्या त्या शेतीच्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले आणि त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. दुसरी मागणी असते "पकडून लांब सोडा." २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातले अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर भटकतं आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. हे शिक्षकाला शांतपणे, वाद न घालता सांगता आलं पाहिजे. ज्याची शेळी गेली आहे त्याला आकडे ऐकवू नयेत, आधी पंचनामा आणि भरपाईच्या अर्जाचं विचारावं.

प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात नको, जिल्हा परिषदेच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत ठेवा. केंद्राच्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जोडलं तर वेगळी रजा लागत नाही. तीसपेक्षा जास्त शिक्षक घेऊ नका, फेरीत मागचे नुसते गप्पा मारतात.

पहिला दीड तास शाळेची फेरी. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येकाला एक कार्डशीट. त्यावर नकाशा काढायचा: ऊस भिंतीपासून किती पावलांवर, स्वच्छतागृह कुठे, मुलं कोणत्या बांधावरून येतात, दिवा कुठे लागतो, कुत्री कुठे बसतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक शाळांत एकच येतं: पोषण आहाराच्या खोलीमागे. उरलेली खिचडी तिथे टाकली जाते, तिच्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. उपायाला खर्च नाही. घट्ट झाकणाची बादली, शाळा सुटायच्या आत खरकटं खड्ड्यात, वर मातीचा थर आणि दगड ठेवलेली जाळी. नुसती माती टाकली तर कुत्री रात्रीत उकरतात.

स्वच्छतागृहाचं तसंच. मागे गवत आणि लगेच ऊस, असं चित्र नेहमी दिसतं. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं मूल बिबट्याला त्याच्या नेहमीच्या सावजाएवढं दिसतं. शेतकऱ्याला ऊस मागे घ्या म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या सऱ्या फुकट जातात. आपल्या हद्दीतलं गवत काढणं, दार शाळेच्या बाजूला वळवणं, लहान मुलांना जोडीनं पाठवणं हे मुख्याध्यापकाच्या हातात असतं.

नकाशात न येणारी एक गोष्ट म्हणजे शिष्यवृत्तीचे जादा तास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तास संपवून मुलं उसातल्या वाटेनं नेमकी तिन्हीसांजेला निघतात. पहाटेही तोच धोका. तास शाळा भरण्याआधी, पण नीट उजाडल्यावर घ्या.

मग ठसे. मुलांना हे फार आवडतं, म्हणून शिक्षकानं आधी हातानं केलेलं असावं. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी. पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. ठशाभोवती चार-पाच सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी गोल खोचायची. मिश्रण थेट ठशावर ओतलं की बोटांच्या कडा मोडतात. कडेला ओतून आत वाहू द्यायचं. अर्धा तास हात लावायचा नाही. घाईनं उचललेला साचा तळव्याशी तुटतो. मांजरकुळातल्या ठशात नखं सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्रा आणि तरस यांची नखं उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा. गावात "बिबट्याचा" म्हणून दाखवलेला ठसा पुष्कळदा कुत्र्याचाच निघतो.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात. ती नेहमी बिबट्याचीच असतात असं नाही. वाघाटी हे आपल्या घरातल्या मांजराहूनही लहान रानमांजर उसात पिल्लं घालतं. तिच्या पिल्लाच्या कपाळावर डोळ्यांकडून वर जाणारे पांढरे पट्टे असतात. कोणतंही असो, सूचना एकच: हात लावायचा नाही, सेल्फी नाही, तोड तेवढ्यापुरती थांबवायची, वनरक्षकाला फोन. आई बहुधा जवळपासच असते. वनविभागाची माणसं पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईची वाट पाहतात आणि पुष्कळदा ती घेऊन जाते. पिल्लं दुसऱ्या गावात नेली तर चिडलेली मादी फडाभोवती फिरत राहते, धोका मजुरांनाच.

परिपाठात रोज दोन मिनिटं सराव: घोळक्यानं, मोठ्यानं बोलत चालायचं, लहान मुलं मधे. समोर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, बसायचं नाही. सरळ उभं राहून ओरडत मागे सरकायचं. दगड मारायचा नाही. हे फळ्यावर लिहून जमत नाही, मैदानात करून घ्यावं लागतं, कारण घाबरलेलं मूल पळतंच.

हल्ल्याचे रक्ताळलेले फोटो आणि जिवंत साप हातात घेऊन दाखवणारे वक्ते दोन्ही टाळा. पहिल्यानं मुलं आठवडाभर शाळेत येत नाहीत, दुसऱ्यानं तीच मुलं साप धरायला जातात.

वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, पण आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, वनरक्षकाचा नंबरही भिंतीवर लिहा. नावाशिवाय, नुसत्या पदासह आणि खडूनं. बदली झाली की पुसून लिहिता येतो. शाळा सुरू होताना जूनमध्ये एकदा आणि ऊसतोडीआधी ऑक्टोबरात एकदा तो लावून पाहा.