घडीचा चाकू घेताना आधी लॉक बघा

घडीच्या चाकूत मी पातं सगळ्यात शेवटी बघतो. आधी लॉक. पातं बोथट झालं तर दगडावर पाजवता येतं. लॉक सुटलं तर तेच पातं आपल्या बोटांवर मिटतं. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. चाकू पूर्ण उघडायचा, बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरायची आणि पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर हलकेच टेकवून दाबायची. लॉक केसभर जरी सरकलं तरी तो चाकू परत ठेवायचा, मग दुकानदार काहीही सांगो. त्यानंतर पात्याची पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघायचं. अंबडच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, फिट करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे पातं ज्या पिनवर फिरतं तिच्यातला ढिलेपणा हाताला लगेच कळतो. पण तो कुणालाही कळेल. नव्या चाकूतच पातं आडवं हलत असेल तर वापराने ते आणखी ढिलं होणार.

लॉकचे प्रकार बरेच आहेत. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर पट्टी असते, ती दाबली की पातं सुटतं. मजबूत असतं, पण त्याच्या खाचेत चिखल किंवा वाळू बसली तर पट्टी पूर्ण खाली जात नाही, आणि बाहेरून मात्र चाकू उघडलेलाच दिसतो. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला अडते. ती डोळ्यांनी दिसते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पट्टी पात्याच्या बुडामागे नीट आत आलेली हवी, नुसती कडेला टेकलेली नको. मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, तेवढी सवय करून घ्यावी लागते. आणि स्विस चाकूंचे बरेच लहान नमुने असतात तसे निव्वळ स्प्रिंगवर उभे राहणारे चाकू काकडी-कांद्याला उत्तम, पण त्यांचं टोक कशात खुपसून जोर लावू नये.

आता पोलाद. माझा पुतण्या मोबाईलवर चाकू दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "काका, डी-टू घेऊ का?" डी-टू म्हणजे आमचं रोजचं डाय स्टील. प्रेस टूलचे पंच आणि डाय त्याचेच करतात. धार टिकवायला ते फारच चांगलं. त्यात क्रोमियम साधारण 12 टक्के असतं, म्हणून लोकांना ते स्टेनलेससारखं वाटतं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकून राहतं, गंज अडवायला कमी उरतं. जुलैमध्ये ग्राइंडिंग केलेला डी-टूचा तुकडा घामेजल्या हाताने उचलून तसाच बेंचवर ठेवला, तर सकाळी बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटलेले असतात. तोच चाकू पावसाळी ट्रेकला दोन दिवस ओल्या सॅकच्या कप्प्यात राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय एकदा बोथट झाला की साध्या दगडावर त्याला धार आणताना हात भरून येतात. सह्याद्रीसाठी मी साधं स्टेनलेसच सुचवतो: 420एचसी, 12सी27 असल्या जातीचं, कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर 56 ते 58 च्या आसपास. धार लवकर उतरते, पण दहा मिनिटांत परत येते. आणि पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, यावर जास्त अवलंबून असतं. गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यातून कोयता करतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो, तो त्या पाण्यामुळे.

ओपिनेलबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण मला तो चाकू मनापासून आवडतो. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये तो केला. पातं, लाकडी मूठ आणि पिन एवढाच पसारा. 1955 पासून फिरवून लॉक करायची कडीही आली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. वजन इतकं कमी की खिशात आहे हे विसरायला होतं. पण बीच लाकडाची मूठ ओलावा धरते, फुगते आणि पातं आत घट्ट रुतून बसतं. तिकडचे लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, म्हणजे पातं थोडं वर येतं. आमच्याकडे चार महिने पाऊस. म्हणून तो चाकू मी दिवाळीनंतर काढतो, मुठीला जवसाचं तेल चोळून. साल्हेरच्या गुहेत थंडीच्या सकाळी पेरू कापायला त्याच्याइतकं पातळ आणि गोड पातं दुसरं नाही.

बाजारात यातल्या बऱ्याच चाकूंना 'हंटिंग नाइफ' म्हणतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, पण मिशिगनला राहणारा माझा मावसभाऊ परवाना काढून हरणाच्या सीझनला जातो. तिथे बंदुकीचा सीझन 15 नोव्हेंबरला सुरू होतो. त्याच्याकडे बक 110 आहे, 1964 पासून चालत आलेला पितळी टोकांचा जड चाकू. तो सांगतो की हरीण सोलताना चरबी आणि केस मुठीच्या खाचेत आणि पिनपाशी जाऊन बसतात, गरम पाणी आणि ब्रश घेऊन बसावं लागतं. म्हणून त्याने आता सोलायला सरळ, न मिटणारा चाकू घेतलाय आणि घडीचा फक्त दोऱ्या कापायला ठेवलाय. आपल्याकडे चरबीच्या जागी लाल चिखल. त्यामुळे मूठ आरपार उघडी, नळाखाली धरली की धुऊन निघेल अशी बघावी. त्याचीच दुसरी सूचना मी उचलली: मूठ नारिंगी घ्यायची. काळा चाकू पाचोळ्यात पडला की गेलाच.

चाकूकडून लाकूड फोडायची अपेक्षा मात्र करू नका. पात्याच्या पाठीवर दगड मारला की सगळा मार एका बारीक पिनवर येतो. कमरेच्या आकडीला कोयता लावून चालणारा गाववाला सोबत असतो, ते काम त्याच्या कोयत्याचं.

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, खिशातला चाकू त्याच्या कितीतरी आत राहतो. पण वन्यजीव कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन आलाय, आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते. म्हणून कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकरला जाताना मी चाकू घरी ठेवतो आणि भाजी चिरूनच डब्यात नेतो. शहरात जमावबंदीचे आदेश असतील तेव्हाही तो खिशात नको. विमानात फक्त चेक-इनच्या सामानात.

पुतण्याला शेवटी घेऊन दिला तो साडेसात सेंटीमीटर स्टेनलेस पात्याचा, लायनर लॉकचा, नारिंगी मुठीचा. दिंडोरीला बागेत तो सध्या त्याने ठिबकच्या नळ्या आणि सुतळी कापतोय. नळीची माती पात्याला लागते, त्यामुळे धार आठवड्यात उतरते; दर रविवारी दगड घेऊन बसायचं, दोन्ही बाजूंना वीस अंश, आणि बर, म्हणजे पाजवताना धारेवर उभी राहणारी बारीक कोर, पूर्ण निघेपर्यंत थांबायचं नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.