ऑफिसातले प्रिंटर एका जागी आणताना: माझा अनुभव

आमच्या ऑफिसात प्रत्येक प्रिंटर कुणाच्या तरी कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला होता आणि तिथूनच बाकीच्यांना शेअर केलेला होता. तो माणूस रजेवर गेला किंवा मशीन बंद करून लवकर निघाला, की त्याच्या भरवशावर बसलेल्या सगळ्यांची छपाई बंद. त्यात विंडोज १० किंवा ११ चं साधं मशीन एका वेळी बाहेरून जास्तीत जास्त २० जोडण्या घेतं. माणसं वाढली तसं कुणाला ना कुणाला जोडता येईना, आणि खापर फुटायचं प्रिंटरवर. नेटवर्कचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सर्वांत आधी हेच हातात घेतलं. बटण दाबल्यावर कागद बाहेर येईल की नाही, ही धाकधूक माणसाचा दिवस खाते.

सुरुवात केली ती फिरून. प्रत्येक प्रिंटरपाशी जाऊन त्याच्या मेनूमधून कॉन्फिगरेशन पेज छापलं. त्या एका कागदावर मॉडेल, फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर), आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि मॅक ॲड्रेस (मशीनची कारखान्यातून आलेली ओळख) असं सगळं मिळतं. एका मोठ्या प्रिंटरला नेटवर्कचं पोर्ट असूनही त्यात कधी केबलच लावलेली नव्हती, हेही तेव्हाच दिसलं. मग मॅक ॲड्रेसची यादी घेऊन नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर प्रत्येकासाठी कायमचा आयपी राखून ठेवला. आयपी थेट प्रिंटरच्या पॅनलवरही टाकता येतो, पण दुरुस्तीला आलेल्या माणसाने फॅक्टरी रीसेट मारलं की तो पुसला जातो. राखीव पत्ता मात्र सर्व्हरवर शाबूत राहतो, आणि सगळे पत्ते एकाच यादीत दिसतात.

पुढचा मुद्दा पोर्टचा, म्हणजे विंडोज प्रिंटरशी ज्या वाटेने बोलतं तिचा, आणि मला विचाराल तर अर्ध्याहून अधिक कटकटींचं मूळ इथेच असतं. विंडोजला प्रिंटर आपोआप शोधू दिला की ते पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट बनवतं. घरच्या एका प्रिंटरला ते चालून जातं. ऑफिसात मात्र प्रिंटर झोपेतून उठला की जोडणी हरवते, मध्येच 'ऑफलाइन' दिसतं. म्हणून मी सगळीकडे हाताने, थेट प्रिंटरच्या आयपीशी जोडणारं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवलं, प्रोटोकॉल रॉ (मजकूर जसाच्या तसा पाठवणारा), पोर्ट क्रमांक ९१००.

एवढं करूनही अकाउंट्समधला एक प्रिंटर ऑफलाइनच दिसत राहिला. पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून पाहिली, तर उत्तर येत होतं. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन चालवून ९१०० तपासलं, तेही उघडं. म्हणजे वाट मोकळी, आणि विंडोज म्हणतंय दार बंद. शेवटी पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण दिसली आणि उलगडा झाला. विंडोज प्रिंटरची खुशाली एसएनएमपी या वेगळ्या वाटेने, यूडीपी १६१ या पोर्टवरून, विचारतं आणि त्यासाठी 'पब्लिक' हे कम्युनिटी नाव, म्हणजे एक परवलीचा शब्द, वापरतं. सुरक्षेसाठी कुणीतरी त्या प्रिंटरवर हे नाव बदलून ठेवलेलं होतं. बदल योग्यच होता, फक्त विंडोजला तो माहीत नव्हता. प्रश्नाला उत्तर मिळेना, म्हणून विंडोजने प्रिंटर ऑफलाइन ठरवला. नवीन नाव पोर्टमध्ये टाकलं आणि अडून बसलेल्या प्रिंट धडाधड बाहेर पडल्या. एखादा प्रिंटर पिंगला उत्तर देत असेल आणि तरीही ऑफलाइन दिसत असेल, तर नवा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) शोधण्याआधी ही एक खूण नक्की बघा.

त्यानंतर छपाईच्या सगळ्या रांगा एका प्रिंट सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची छपाई सांभाळणाऱ्या एका मशीनवर, आणल्या. शक्य तिथे एकाच कंपनीच्या मशीनना एकच युनिव्हर्सल ड्रायव्हर दिला, साध्या कागदपत्रांसाठी पीसीएल ६ आणि डिझाइनवाल्यांसाठी पोस्टस्क्रिप्टची वेगळी रांग (या दोन्ही प्रिंटरला पान समजावणाऱ्या भाषा). प्रिंट मॅनेजमेंटमध्ये ड्रायव्हर आयसोलेशन चालू केलं. त्यामुळे एखादा ड्रायव्हर कोसळला तरी अख्खा स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) सोबत पडत नाही.

खरी लढाई झाली ती लोकांच्या मशीनवर प्रिंटर पोचवताना. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली स्पूलरमधली त्रुटी उघडकीस आली, आणि ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला. त्याआधी कुणीही सर्व्हरवरच्या प्रिंटरवर डबल क्लिक करायचं आणि काम व्हायचं. आता पासवर्ड विचारला जातो. तो बंधनाचा नियम उलटवायचा उपाय जागोजागी सुचवलेला सापडतो. मी त्या वाटेला गेले नाही. त्या त्रुटीतून बाहेरचा माणूस मशीनचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता, आणि चार क्लिक वाचवण्यासाठी ते दार पुन्हा उघडणं मला पटत नाही. ड्रायव्हर ॲडमिनच्या अधिकाराने सगळ्या मशीनवर आधीच टाकले आणि मग ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग देण्याची सोय) प्रत्येक विभागाला त्याचा प्रिंटर दिला. नवीन माणूस पहिल्या दिवशी लॉगिन करतो तेव्हा प्रिंटर आधीच समोर असतो.

काही मशीनवर जोडताना ११बी ने संपणारा एरर यायचा. त्याचं कारण सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये आहे. तेव्हापासून सर्व्हर छपाईच्या जोडणीत अधिक कडक ओळखपडताळणी मागतो, आणि मागे राहिलेलं मशीन ती पुरी करू शकत नाही. यावरही रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदीत) शून्य टाकून पडताळणी बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. दोन्ही बाजूंची मशीन अपडेट करून घेतली आणि एरर गेला. वेळ जास्त लागला, पण जखम झाकून ठेवण्यापेक्षा बरं.

नावांकडे दुर्लक्ष करू नका. मॉडेल क्रमांकावरून कुणालाच काही कळत नाही. आम्ही मजला, विभाग, रंगीत की काळा-पांढरा, या क्रमाने नावं ठेवली आणि तेच नाव मोठ्या अक्षरात प्रिंटरवर चिकटवलं. शिवाय डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायची सोय बंद केली. नाहीतर शेवटी जिथे छापलं तोच प्रिंटर डीफॉल्ट होतो आणि ऑफर लेटर भलत्याच मजल्यावर निघतं.

आता अडकलेल्या रांगेबद्दल सविस्तर, कारण हा प्रसंग प्रत्येकावर येतो. एक मोठी पीडीएफ रांगेत अडकली, 'डिलीटिंग' असं दाखवत तशीच बसली आणि मागे सगळ्यांच्या प्रिंट तुंबल्या. नेहमीचा तोडगा म्हणजे स्पूलर बंद करायचा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातला प्रिंटर्स फोल्डर रिकामा करायचा आणि स्पूलर चालू करायचा. एकट्याच्या मशीनवर ठीक आहे. सर्व्हरवर मात्र याने सगळ्या विभागांच्या प्रिंट उडतात आणि प्रत्येकाला पुन्हा पाठवावं लागतं. त्या फोल्डरात प्रत्येक प्रिंटच्या दोन फाइल असतात, एकाच क्रमांकाच्या. एसपीएल मध्ये छापायचा मजकूर, एसएचडी मध्ये कुणी, कुठे, कसं छापायचं याची नोंद. स्पूलर पुन्हा सुरू झाला की या जोड्या वाचून तो राहिलेली कामं पुढे चालू करतो. म्हणून मी स्पूलर थांबवला, वेळेप्रमाणे लावून सर्वांत जुनी, भलीमोठी जोडी तेवढी काढली आणि स्पूलर सुरू केला. अडकलेली एक प्रिंट गेली, बाकीच्या एकामागून एक आपसूक निघाल्या. कुणालाही काही पुन्हा पाठवावं लागलं नाही. इतक्या दिवसांत मला सर्वांत जास्त समाधान त्या दुपारी वाटलं असेल.

कधी कधी रांगेत काहीच बिघडलेलं नसतं. प्रिंटरचा पिवळा दिवा लुकलुकतो, पॅनलवर 'लेटर' आकाराचा कागद मागितलेला असतो आणि ट्रेमध्ये ए४. परदेशी टेम्प्लेटवरून आलेल्या फाइलमध्ये हा आकार दडलेला असतो. बऱ्याच प्रिंटरमध्ये ए४ आणि लेटर एकमेकांच्या जागी चालवून घ्यायचं सेटिंग असतं. ते चालू केलं की ही तक्रार पुन्हा येत नाही.

पगाराच्या स्लिपांसाठी पिन देऊन छापायची सोय लावली. पाठवलेली प्रिंट मशीनमध्ये थांबते आणि माणूस स्वतः समोर जाऊन आकडा टाकतो तेव्हाच निघते. स्कॅन करून फोल्डरात टाकणं एका जुन्या मशीनवरून जमेना, कारण त्याला फक्त एसएमबी१ (फाइल शेअर करायचं जुनं तंत्र) येतं आणि २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं. ते चालू करण्याऐवजी त्या मशीनला स्कॅन ईमेलने पाठवायला लावलं. सर्व्हरवरची प्रिंट सर्व्हिसची ऑपरेशनल नोंदवही आपोआप चालू नसते, तीही सुरू केली. तिथे ३०७ क्रमांकाच्या नोंदीत कुणी कुठल्या प्रिंटरवर किती पानं छापली ते दिसतं. त्यावरूनच कळलं की रंगीत प्रिंटरवर निघणाऱ्या पानांपैकी बरीचशी काळी-पांढरीच असतात. मग त्या रांगेचं मूळ सेटिंग काळं-पांढरं आणि दोन्ही बाजूंनी असं केलं. रंग हवा असेल त्याने तो निवडायचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, आणि पुढची दिशा आयपीपीवर (नेटवर्कवरून छापायच्या सर्वमान्य पद्धतीवर) चालणाऱ्या, वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापणाऱ्या प्रिंटरची आहे. त्यामुळे दोन जुनी मशीन बदलायची मागणी खरेदी विभागाकडे पाठवताना मी पहिली अट आयपीपी आणि मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेच्या प्रमाणपत्राची घातली आहे. वेगाची आणि ट्रेची अट त्याखाली.