डोळे उघडे ठेवून सावरायचं

'डोळे मीट, दीर्घ श्वास घे, शांत हो.' लहानपणी वर्षानुवर्षं मारहाण, छळ किंवा सततचा धाक सोसलेल्या माणसाला हा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो. डोळे मिटले की आजची खोली नाहीशी होते आणि जुनी उभी राहते. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती आणखी वाढते. 'मला साधं ध्यानही जमत नाही' म्हणून स्वतःला बोल लावू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (दीर्घकाळ सोसलेल्या आघातांमुळे जडणारा मानसिक त्रास) हे स्वतंत्र निदान आहे. त्यातले फ्लॅशबॅक, म्हणजे जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटायला लावणारे झटके, ओळखणं अवघड जातं, कारण पुष्कळदा डोळ्यांसमोर चित्र येतच नाही. साहेबांचा आवाज चढतो, स्वयंपाकघरात भांडं आपटतं आणि लहानपणची भीती किंवा लाज अंगभर पसरते. समोरच्या प्रसंगाच्या मानाने भावना फारच मोठी असेल, तर फ्लॅशबॅकची शंका घ्या.

अशा वेळी दोन्ही टाचा जमिनीवर दाबा. मान सावकाश फिरवत खोली बघा, दार कुठे आहे तेही बघा. मग मोठ्याने म्हणा: आज अमुक वार, अमुक साल, माझं वय इतकं, कडी मी लावली आहे. मनातल्या मनात म्हटलेलं तेव्हा टिकत नाही, स्वतःचा आवाज कानावर पडू द्या. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त सोडताना ६ आकडे मोजा. पाच-सहा वेळा पुरे. रोखून धरू नका. श्वासाकडे लक्ष गेल्यानेच घुसमटत असेल तर तो नाद सोडा आणि गार पाण्याने भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरा. भीतीऐवजी अंग बधिर झालं असेल तर स्वस्थ बसू नका: १० सेकंद भिंत ढकला, घरातल्या घरात चाला, लवंग चावा.

हा सराव रोज दोन मिनिटं, बरं वाटत असतानाच करायचा. ऐन त्रासात पहिल्यांदा करायला गेलात तर काहीच आठवत नाही.

लग्नकार्यात त्रास देणारा माणूस भेटणार असेल तर परतीची गाडी स्वतःच्या हातात ठेवा, निघायची वेळ आधीच सांगून टाका आणि सगळं ठाऊक असलेलं एक माणूस सोबत असू द्या. त्रास देणाऱ्याच्या पाया पडायची सक्ती कुणी केली तरी पडू नका. आमच्या मते तिथे न जाणं हीसुद्धा स्वतःची काळजीच आहे.

जुन्या आठवणी मात्र एकट्याने उकरू नका. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, 'आज सगळं सांगायलाच हवं का?' उत्तर 'हो' आलं तर दुसरा शोधा. जीव नकोसा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.