खाचेत फिरलेला एक्सल

सायकल आली ती चाकांवर ढकलत नव्हे, मागचं चाक उचलून धरत. लांबलचक फ्रंट लोडर. पुढे 20 इंची चाक, त्याच्यामागे लाकडी पेटी, मग हँडल आणि सीट, मागे 26 इंची चाकाच्या तुंब्यातच बसवलेली, गिअरशिवाय थेट चाक फिरवणारी 36 व्होल्टची डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर. पेटी चाकांच्या मध्ये आणि खाली ठेवून माल वाहणारी ही घडण डेन्मार्कमध्ये 1920 च्या दशकात रुळली. तिथे तिला लाँग जॉन म्हणतात. वजन खाली राहत असल्यामुळे 70 किलो भरूनही ती हातात राहते. या गाडीची फ्रेम लोखंडी होती, मोटर नंतर बसवलेली.

तक्रार एकच होती. "मागचा ब्रेक आपोआप धरतो. दोनदा सैल करून घेतला, पॅड बदलले, तरी तेच."

मागचा डिस्क कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने पकडणारा चिमटा, दोन बोल्ट काढून बाजूला केला आणि चाक हाताने फिरवलं. तरीही जड. म्हणजे ब्रेकचा संबंध नव्हता. चाक सावकाश फिरवलं की जवळजवळ मोकळं वाटत होतं, जोर लावून फिरवलं की झटके देत अडत होतं. ब्रेक घासत असेल तर अडवणूक वेग कसाही असला तरी सारखीच राहते आणि कानाला ऐकू येते. डिस्क वाकडी असेल तर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासते. वेग वाढवला की वाढणारी अडवणूक मात्र विजेची असते. मोटरला वीज पुरवणाऱ्या तीन जाड वायरींपैकी, म्हणजे फेजपैकी, दोन एकमेकींना टेकल्या की चाक फिरवणाऱ्याच्याच ताकदीवर जनित्र चालू होतं. तिन्ही टेकल्या तर अडवणूक गुळगुळीत लागते, दोनच टेकल्या तर झटके बसतात. इथे झटके होते.

आता टेकल्या कुठे, मोटरच्या बाजूला की कंट्रोलरच्या? बॅटरी काढली, कंट्रोलरकडे (बॅटरीची वीज मोजून मोटरला देणाऱ्या पेटीकडे) जाणारा मोटरचा प्लग सोडवला, चाक पुन्हा फिरवलं. तसंच अडलं. दोष मोटरच्या बाजूचा. मल्टिमीटर इथे फसवतो, कारण चांगल्या मोटरच्या दोन फेजमधला रोधही ओहमचा एखादा दशांश असतो आणि शॉर्टही तितकाच दिसतो. हाताला जे कळतं ते मीटरला कळत नाही.

उजव्या बाजूच्या नटावरची टोपी काढली आणि कारण समोरच होतं. वायरी एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, पोकळीतून जिथे बाहेर पडतात तिथे त्या एक्सलभोवती दीड वेढा गुंडाळल्या गेल्या होत्या. दोन फेजचं आवरण नटाच्या कडेने सोललं होतं, उघडं तांबं तांब्याला चिकटलं होतं. चाक कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरची एक बारीक वायर तर तुटूनच पडली होती. फ्रेमच्या ज्या खाचेत एक्सल बसतो, त्या खाचेतच तो फिरला होता.

साधी सायकल बनवणारा मागच्या खाचेकडून एवढंच मागतो की चाक खाली निसटू नये. साध्या चाकाचा एक्सल फिरू पाहतच नाही. हब मोटरमध्ये एक्सल हा मोटरचा स्थिर भाग आहे. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सल मागे फिरू पाहतो. ही कल्पना जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकातच मोटर असलेल्या सायकलचं अमेरिकी पेटंट 1895 मध्ये मिळालं. पण आजही मोटर विकत घेणारा बहुतेक जण ती साध्या चाकासारखी खाचेत घालतो आणि नट आवळतो.

या गाडीचा हिशोब मांडून पाहा. स्वार, माल आणि गाडी मिळून 190 किलो. 8 टक्के चढावर एवढं वजन वर ओढायला सुमारे 150 न्यूटन बल लागतं. चाकाची त्रिज्या 0.33 मीटर, म्हणजे मोटरकडून जवळजवळ 50 न्यूटन-मीटर पीळ. एक्सल 14 मिमीचा, दोन बाजूंनी घासून 10 मिमी केलेला. त्या सपाट बाजूची लांबी जेमतेम 10 मिमी. 50 ला 0.01 ने भागलं की 5000 न्यूटन, म्हणजे खाचेच्या कडेवर सुमारे 500 किलोचा दाब, तोही कोपऱ्यातल्या एका रेषेवर. कागदावर तो दोन खाचांत वाटला जातो. प्रत्यक्षात एक खाच घट्ट आणि दुसरी किंचित सैल असते, त्यामुळे आधी एकटी घट्ट खाचच सगळं झेलते.

याच गाडीत रीजनही चालू होतं. ब्रेकची मूठ दाबली की मोटर जनित्र होऊन बॅटरीत वीज परत पाठवते, आणि पीळ उलट्या दिशेने बसतो. चढावर मागे, उतारावर पुढे. असा मागेपुढे हलणारा एक्सल नट सैल करतो, नट सैल झाला की खाच रुंद होते. व्हर्नियर लावला तर उजवी खाच 10.9 मिमी भरली, डावी 10.4.

फ्रेम लोखंडी होती हे नशीब. खाचेच्या कडा वेल्डने भरल्या आणि कानसीने पुन्हा 10 मिमीवर आणल्या. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हे करू नये. वेल्डच्या उष्णतेने तिथलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, शिवाय तिची खाच रुंद न होता अचानक तडकते.

मग टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलचा पीळ खाचेऐवजी फ्रेमवर नेणारी पट्टी. 6 मिमी जाड पोलादी पट्टी घेतली, 10 मिमीचं भोक पाडलं आणि ते अर्धगोल कानसीने दोन टोकांकडे 14 मिमीपर्यंत लांबवलं. सपाट बाजूंना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. एक्सलवर मार्कर फासून पट्टी घालून पाहायची, शाई जिथे घासली तेवढंच उतरवायचं. पट्टी हाताने सहज सरकली तर ती वाया गेली समजा. हातोडीच्या हलक्या टोल्याने बसली पाहिजे. या कामाला दुपार गेली, आणि ती जायलाच हवी, कारण इथला अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा पुढच्या प्रत्येक उतारावर टकटक करत खाच खात बसतो. पट्टीचं दुसरं टोक 90 मिमीवर, चेन-स्टेला (पॅडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) वेल्ड केलेल्या कानाशी एम 8 बोल्टने. या बोल्टचं भोक पट्टी एक्सलवर ठोकून बसवल्यानंतरच पाडायचं, आधी नाही. आता तोच 50 न्यूटन-मीटर पीळ 90 मिमीवर जेमतेम 555 न्यूटन होतो, 500 किलोच्या जागी 56. दोन्ही बाजूंना एकेक आर्म. रीजन असेल तर एका बाजूवर भागवू नये असं माझं ठाम मत आहे.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी, कंट्रोलर आणि चाक, तिन्ही उतरवून ठेवलं होतं.

मोटर उघडताना झाकणाचे स्क्रू काढून स्टेटर, म्हणजे एक्सलवरचा वेटोळ्यांचा स्थिर भाग, हाताने ओढायचा नसतो. चुंबक त्याला इतक्या जोरात परत ओढतात की बोट मध्ये सापडलं तर चेंगरतं. पुलर लावला. जुन्या वायरी काढून उष्णता सोसणाऱ्या आवरणाच्या नव्या फेज वायरी आणि हॉलच्या पाच बारीक वायरी पोकळीतून ओढल्या. हॉलला 5 व्होल्ट देऊन चाक सावकाश फिरवलं तर तिन्ही सिग्नल 0 आणि 5 मध्ये उड्या मारत होते. हॉल वाचले होते. फेजचं व्होल्टेज त्या बारीक वायरीत शिरलं असतं तर सेन्सर जळाले असते, आणि मग तिन्ही बदलून छापील बाजू जुन्यासारखीच ठेवून चिकटवावे लागले असते. कंट्रोलरमध्येही प्रत्येक फेजपासून धन आणि ऋण टोकांपर्यंतची मापं तिन्हींत सारखी आली, म्हणून तो तसाच ठेवला.

बसवताना एक्सल असा वळवला की वायर खालच्या तोंडाने बाहेर पडेल, आणि तिला झोक देऊन मग वर नेली, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोकावरून गळून जातं, मोटरमध्ये शिरत नाही. नट 40 न्यूटन-मीटरला आवळले. नट, आर्म आणि फ्रेम यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे काही हललं तर रेघ तुटलेली दिसेल. रीजनचा करंट सेटिंगमध्ये एकतृतीयांशावर आणला आणि तो झटक्याने न लागता हळूहळू चढेल असं केलं.

स्टिअरिंगच्या लांब दांड्याच्या टोकांचे बॉल जॉइंटही खेळ देत होते, ते दोन्ही बदलले. एकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे दांडा फिरवूनच लांबी जुळवता येते.

पेटीत 70 किलोच्या वाळूच्या पिशव्या टाकून चढावर दहा वेळा थांबून गाडी पुन्हा चालू केली, उतारावर दहा वेळा रीजन लावलं. रेघ जागेवर होती. मालकाला सांगितलं, पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या, नवा वॉशर दबतो तेव्हा थोडी ढील येतेच. 300 किलोमीटरनंतर गाडी परत आली तेव्हा डाव्या नटावर रेघ केसभरही हलली नव्हती. उजव्या नटावर ती दोन मिलिमीटर पुढे होती, घट्ट होण्याच्या दिशेने. मालकाने पाना लावला होता.