चोक ओढायची गाडी

गेल्या जुलैत मेव्हण्याच्या नव्याकोऱ्या गाडीतून ताम्हिणीला गेलो होतो. कंपनी कुठली ते जाऊ दे, पण स्क्रीन एवढी मोठी की आमच्या घरातला पहिला टीव्ही तिच्यापुढे लहान वाटावा. पौड सोडलं आणि पावसाने जोर धरला, काचेवर आतून वाफ धरली आणि नेमकी तेव्हाच ती स्क्रीन हँग झाली. एसी, ब्लोअर, डिफॉगर सगळं त्या स्क्रीनच्या पोटात! "दाजी, दोनच मिनिटं, रीस्टार्ट होतेय" असं म्हणत हा पठ्ठ्या एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसतोय, समोरून एसटी येतेय, शेवटी बायकोने मागून ओढणी पुढे केली तेव्हा रस्ता दिसला.

माझ्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला साधा यांत्रिक भाग असलेली. थंडीत सकाळी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेली कळ) ओढायचा, सेल मारायचा, इंजिन जरा गुरगुरायला लागलं की चोक हळूहळू आत सारायचा, आणि किती सारायचा हे कानाला कळतं. वाफ धरली तर काच दोन बोटं खाली करायची आणि फडकं फिरवायचं, संपलं.

एकदा मुळशीजवळ ॲक्सिलरेटरची केबल तुटली. चूक माझीच, मेकॅनिकने दोनदा सांगितलं होतं की तारा सुटायला लागल्यात, बदलून घ्या. फोन लावला तर तो म्हणाला, बॉनेट उघडा, कार्ब्युरेटरवर आयडलिंगचा, म्हणजे पाय न देता इंजिन किती वेगात चालावं ते ठरवणारा स्क्रू आहे तो पिळा. पिळला, इंजिनाचा आवाज चढला आणि फक्त क्लच-गिअरवर रखडत रखडत पिरंगुटपर्यंत आलो. आता कनेक्टेड, म्हणजे सिम कार्डावरून इंटरनेटला जोडलेल्या गाडीत फोनवरून असं काय सांगणार, लॅपटॉप जोडल्याशिवाय तिथे कोणालाच काही कळत नाही.

आणि गाडीला सिम कार्ड हवंच कशाला? २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून, मोबाइल नेटवर्कवरून हायवेवरच्या जीप चेरोकीचं ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा) बंद पाडून दाखवलं होतं, मग कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या. माझी ८०० हॅक करायची तर आधी बॉनेटचा खटका ओढायला लागेल, तो मलाच धड ओढता येत नाही.

एअरबॅग नाही, एबीएस नाही, हे मान्य. म्हणून मुलीला घेऊन एक्स्प्रेसवेला जायचं तर मी मेव्हण्याचीच गाडी मागतो, खोटं कशाला बोलू. पण बटणांच्या बाबतीत मी येडा नाही हं, युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपवाल्यांनीसुद्धा २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्नसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर पूर्ण गुण मिळणार नाहीत असं ठरवलंय.

खर्च मात्र वाढतोय. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओचं पासिंग. मागचं मार्च २०२२ ला झालं आणि एप्रिलपासून फी ६०० ची ५,००० झाली, थोडक्यात वाचलो. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली, वर पर्यावरण कर वेगळा. पुढचं पासिंग मार्च २०२७ ला. त्याआधी डाव्या दाराखालचा गंज काढून पत्रा मारून घ्यायचाय, पुण्यात कोणी पत्र्याचं काम नीट करणारा माहीत असेल तर सांगा, पिरंगुटपर्यंत चालेल.