पत्ता नाही म्हणून खातं नाही

बँकेतून निवृत्त झालो आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन मुलांना मदत करणाऱ्या आमच्या चारचौघांच्या गटात ओढला गेलो. सुदान, टांझानिया, इथिओपिया, मलावी, कुठकुठून मुलं येतात. ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांचं कसंही निभावतं. ज्यांची सगळी भिस्त आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर, त्यांचा कस पहिल्या सेमिस्टरलाच लागतो, आणि तो वर्गात कमी, कागदांत जास्त.

मलावीच्या एका मुलाचंच सांगतो. घरी मक्याची आणि तंबाखूची थोडी शेती. आदिस अबाबामार्गे मुंबईला उतरला तेव्हा खिशात मोजकेच डॉलर. वसतिगृहात जागा नव्हती. बाहेर खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी, ती शिष्यवृत्तीतून द्यायची तर बँकेत खातं हवं, खात्यासाठी बँक पत्त्याचा पुरावा मागणार, आणि पुरावा म्हणजे भाडेकरार! त्यात १८० दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. तिथेही पत्ता लागतोच.

घरमालक शोधणं हे सगळ्यात जिकिरीचं. ‘आफ्रिकन नकोत’ असं तोंडावर सांगणारे एजंट परवडले. ‘सोसायटीची एनओसी मिळणार नाही हो’ म्हणून गोड बोलून फोन ठेवणारे जास्त. एक काका तयार झाले, पण सी-फॉर्मचं नाव काढताच बिचकले. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने तो ऑनलाइन भरायचा असतो. त्यांना वाटलं, पोलिसांची भानगड मागे लागेल. मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून त्यांच्याच मोबाइलवर तो भरून दिला. काकूंनी मधेच चहा आणला आणि त्याला विचारलं, “जेवायला काय लागतं रे तुला?”

बँकेत मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर होतो. काउंटरवरच्या मुलीने ‘आधी पत्ता, मग खातं’ असं ठरलेलं उत्तर दिलं. रिझर्व्ह बँकेचा नियम परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत वेगळा आहे: पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि प्रवेशपत्रावर एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं उघडता येतं, स्थानिक पत्ता ३० दिवसांत द्यायचा. तोवर परदेशातून १,००० डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. परिपत्रकाची प्रत मी घेऊनच गेलो होतो. मॅनेजरांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि खातं उघडलं. विद्यावेतन येईपर्यंत अनामत रक्कम आमच्या गटाने उसनी दिली. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे ‘काहीतरी काम बघ’ हा सल्ला इथे फुकट आहे.

पुण्याला हे नवं नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या मुलाला खिडकीतून कोणी जेवण देतंय, हे तिथले प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिलं आणि त्यातूनच पुढे १९७१ साली सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. तेव्हापासून संस्था मोठ्या झाल्या. खिडकीशी उभं राहणारं माणूस अजूनही लागतंच.

अभ्यासाचं म्हणाल तर मलावीच्या त्या मुलाचं इंग्रजी आमच्या मुलांपेक्षा सफाईदार. पण सर अर्ध्या लेक्चरला मराठीत घसरत. प्रॅक्टिकलचं जर्नल दर आठवड्याला सही करून घ्यायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. परीक्षेच्या तोंडावर सगळ्या सह्या एकदम मागायला गेला तेव्हा मॅडमनी हात जोडले. मग वर्गातल्या साताऱ्याच्या एका मुलाला आम्ही त्याच्याशी जोडून दिलं. त्याने जर्नलही पूर्ण करून घेतलं आणि मेसच्या भाजीतलं तिखट कमी करायलाही लावलं. मलावीच्या मुलाला हवा न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा; इथलं मक्याचं पिवळं पीठ त्याला चालेना. शेवटी ज्वारीच्या पिठावर तडजोड झाली.

पहिलं वर्ष गणितातल्या एका एटीकेटीवर निभावलं, तीही पुढे सुटली. यंदा त्याला वसतिगृहात खोली मिळाली आहे. काकांनी अनामत रकमेतून रंगाचे म्हणून पैसे कापलेत. तेवढं बोलणं अजून चालू आहे.