कोरोना होऊन गेल्यावर लस कवा घ्यायची? (गोष्ट २०२१ ची)

आधी उत्तर सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. २०२१ च्या मे महिन्यात नियम झाला होता, बरं झाल्यापासून तीन महिने. पॉझिटिव्ह आल्यापासून नव्हं, बरं झाल्यापासून. १९ मे २०२१ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं हे जाहीर केलं आणि तरीपण आमच्या मंगळवार पेठेत तेव्हा रोज एक नवीन आकडा ऐकायला मिळायचा, कोण म्हणायचं चौदा दिवस, कोण म्हणायचं सहा महिने, आणि एक जण तर म्हणाला एकदा होऊन गेला की आयुष्यात लागतच नाही, त्याला काय बोलणार.

घोळ होण्याचं कारण पण होतं म्हणा. त्याच वर्षी जानेवारीत लसीकरण सुरू झालं तेव्हा बरं झाल्यावर ४ ते ८ आठवडे थांबा असं होतं, मग मे महिन्यात तज्ज्ञांच्या एका गटानं सहा महिने सुचवल्याची बातमी आली, आणि शेवटी तीन महिन्यांवर शिक्का बसला. त्यात कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १३ मे ला १२ ते १६ आठवडे झालं. हे दोन नियम लोकांनी असे काय एकात एक घातले की बास.

मला स्वतःला एप्रिलमध्ये झाला, घरातच होतो, देवाच्या दयेनं ऑक्सिजनपर्यंत गेलं नाही. मग बरं झाल्याची तारीख कुठली धरायची हा प्रश्न मलाही पडलेला. घरी उपचार घेणाऱ्यांसाठी तेव्हा सरकारी नियम असा होता की लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, झालं, विलगीकरण संपलं, परत टेस्ट करायची गरज नाही. मी तिथून पुढं मोजलं. समजा १४ एप्रिलला ताप आला आणि २४ ला विलगीकरण संपलं तर २४ जुलैनंतर लस. दोन दिवस इकडंतिकडं झालं तर काय आभाळ कोसळत नाही. दवाखान्यात ॲडमिट झालेल्यांनी डिस्चार्जची तारीख धरायची होती, कार्ड जपून ठेवायचं.

खरा गुंता होता तो शेजारच्या काकूंसारख्या लोकांचा. त्यांनी ५ एप्रिलला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला आणि महिनाअखेरीला पॉझिटिव्ह. मे च्या आठ तारखेला बऱ्या झाल्या. मग बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, भरत होते २८ जूनला, सोळा आठवडे संपत होते २६ जुलैला, आणि बरं झाल्यापासूनचे तीन महिने जात होते ८ ऑगस्टला. म्हणजे सोळा आठवडे उलटूनच गेले की! काकू कॅलेंडर घेऊन आमच्या दारात, "आता माझा पयला डोस वाया गेला काय रं?"

म्हटलं, नाही ओ काकू. नियम स्पष्ट होता, पहिल्या डोसनंतर झाला तर दुसरा डोस बरं झाल्यावर तीन महिन्यांनी. उशीर झाला म्हणून परत एक नंबरपासून सुरू करावं लागत नव्हतं. कोविन, म्हणजे लसीची नोंदणी करायचं सरकारी ॲप, ८४ दिवसांच्या आधी दुसरा डोस बुक करू देत नव्हतं एवढंच, आणि मध्ये कोरोना होऊन गेलाय हे त्या ॲपला आपोआप कळत नव्हतं, केंद्रावर आपणच तोंडानं सांगायचं. काकूंना पटलं असं वाटलं, पण जाताना म्हणाल्या की भाचीला पण विचारतो एकदा, ती नर्स आहे. विचारा बापडं.

तीन महिने का, तर लस शिल्लक नाही म्हणून असं कट्ट्यावर छातीठोक सांगणारे होते. टंचाई होती हे खोटं नाही. आमच्या जवळच्या केंद्रावर फळ्यावर खडूनं "आज लस उपलब्ध नाही" लिहिलेलं असायचं आणि त्यातला "आज" इतक्या वेळा पुसून परत लिहिला होता की तिथला फळाच पांढरा पडला होता. ज्याला एकदाही झाला नाही त्याच्या अंगात काहीच तयारी नव्हती, त्याला आधी मिळावी यात मला तर काय चूक दिसली नाही. पण कारण तेवढंच नव्हतं. होऊन गेल्यावर शरीरात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, असतात, शिवाय विषाणू ओळखणाऱ्या पेशी पुढं काही महिने पक्क्या होत राहतात. मोठी कुस्ती झाल्या झाल्या वस्ताद पोराला नवीन डाव शिकवत नाही, जरा दम घेऊ देतो, तसंच. थोड्या अंतरानं लस दिली की प्रतिसाद जास्त चांगला मिळतो.

आणि कुणी न कळत आधीच घेतली असली तरी घाबरू नका, विषबिष होत नाही. ज्यांना होऊन गेलाय त्यांना पहिल्याच डोसला ताप, अंगदुखी जरा जास्त जाणवू शकते, दुसऱ्या दिवशी शेतात नाहीतर फॅक्टरीत जायचं प्लॅनिंग नको.

अँटीबॉडीचा रिपोर्ट काढून "माझा आकडा लई हाय, मला नको लस" म्हणणारे दोघं मित्र आहेत माझे. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळत नाही आणि किती आकड्याला माणूस सुरक्षित हे कुठं ठरलेलंच नाही, मग पैसे कशाला घालवायचे. त्यापेक्षा दोन प्लेट मिसळ खावा, तीपण पार्सल. लस घ्यायच्या आधी अँटीजेन टेस्टची, म्हणजे झटपट होणाऱ्या कोरोना टेस्टची, सक्ती पण नव्हती, आणि आरटीपीसीआर ही लॅबमधली टेस्ट तर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, उगाच जीवाला घोर.

उपचारात प्लाझ्मा (बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग) किंवा मोनोक्लोनल अँटीबॉडी (लॅबमध्ये तयार केलेली) दिली असेल तर तेव्हा डिस्चार्जपासून तीन महिने थांबायचं होतं. प्लाझ्मासाठी एप्रिलमध्ये रात्री दोन-दोनला फोन फिरवलेत आम्ही, आणि १७ मे ला तो उपचारांच्या यादीतूनच काढला, असो. दुसऱ्या कुठल्या मोठ्या आजारानं ॲडमिट असेल तर ४ ते ८ आठवडे. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तरी आईनं लस घ्यायची, वहिनीनं हे दोनदा विचारलं म्हणून इथं लिहितोय.

तालमीतल्या पोरांसाठी एक नियम होता. रक्तदान शिबिराला यायला लस घेतल्यावर १४ दिवस झालेले लागायचे, आणि कोरोना झाला असेल तर आरटीपीसीआर निगेटिव्ह आल्यावर १४ दिवस. रक्ताचा तुटवडा होता, म्हणून ज्यांचा लसीचा नंबर जवळ आला होता त्यांना सांगितलं, शिबिर आधी करून घ्या आणि मग सुई टोचून घ्या.